लिबपीक्यू नवी, एरर मात्र जुनीच

आमचं रिपोर्टिंगचं मशीन सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर. डेटाबेसवाल्यांनी सर्व्हर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १४ व्या आवृत्तीवर नेला, पासवर्ड नव्याने दिले आणि आमच्या पायथन स्क्रिप्टने हात वर केले. तक्रार अशी की स्क्रॅम या पासवर्ड पडताळण्याच्या पद्धतीने लॉगिन करायला लिबपीक्यू (पोस्टग्रेसशी बोलणारी क्लायंट लायब्ररी) किमान १० हवी.

स्क्रॅम पोस्टग्रेसमध्ये आलं २०१७ साली, १० व्या आवृत्तीत. १४ पासून नवे पासवर्ड आपोआप त्याच पद्धतीने साठवले जातात. सेंटओएस ७ च्या रेपोतली लिबपीक्यू मात्र ९.२ ची. डेटाबेस सांभाळणारा डीबीए म्हणाला, "एमडी५ करून देतो, पाच मिनिटांत होईल." एमडी५ म्हणजे स्क्रॅमच्या आधीची, कमी सुरक्षित पद्धत; नको म्हटलं. एका म्हाताऱ्या मशीनपायी सगळ्या सर्व्हरची सुरक्षा कशाला ढिली करायची? सायकॉपजी२ म्हणजे पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर. त्याचं तयार बांधलेलं रूप, सायकॉपजी२-बायनरी, टाकता आलं असतं, पण त्यात लिबपीक्यू आणि ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आतच भरून येतात, आणि प्रॉडक्शनवर सोर्समधून बिल्ड करा असं ते पॅकेज बनवणारेच सांगतात.

मग पोस्टग्रेस १४ चा सोर्स उतरवला. अख्खा सर्व्हर बांधायची गरज नसते. हेडर, लिबपीक्यू आणि क्लायंटची साधनं एवढंच मेक करून /ऑप्ट खाली बसवलं. इथवर विशेष काही नाही. पाथमध्ये नवं पीजी_कॉन्फिग पुढे आणलं, कारण सायकॉपजी२ हेडर आणि लायब्ररी कुठे आहेत हे त्यालाच विचारतं. पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) चालवलं. क्षणात इन्स्टॉल झालं आणि तिथेच शंका आली: सी कोड कंपाइल व्हायला एवढा कमी वेळ? पिपने कॅशमधलं आधीचं, जुन्या लिबपीक्यूवर बांधलेलं व्हील (तयार पॅकेज) उचललं होतं. कॅश बंद करून पुन्हा बांधलं.

आता इम्पोर्टच होईना. पीक्यूएन्क्रिप्टपासवर्डकॉन हे सिम्बॉल सापडत नाही म्हणे. हे फंक्शन १० मध्ये आलेलं, म्हणजे कंपाइल नव्यावर झालं आणि चालवताना गाठ पडली जुन्याशी. एलडीडी (कुठली लायब्ररी लोड होते ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहिलं तर खरंच, /यूएसआर/लिब६४ मधलीच फाइल. दोन्हींचं नाव लिबपीक्यू.एसओ.५, आवृत्ती कितीही पुढे गेली तरी हा ५ हलत नाही, त्यामुळे लोडरला फरक कळायचं कारणच नाही.

एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायची ते सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) दिल्यावर टर्मिनलवर चाललं, पार्श्वभूमीत चालणाऱ्या सिस्टिमडी सर्व्हिसमधून नाही. तिला माझ्या शेलचं एन्व्हायर्नमेंट कुठून मिळणार? शेवटी एलडीफ्लॅग्जमध्ये (बांधतानाचे लिंकरचे पर्याय) आर-पाथ देऊन /ऑप्टचा पत्ता ड्रायव्हरच्या फाइलीतच कोरला.

सायकॉपजी२ दोन आकडे सांगतं: कंपाइल कुठल्या लिबपीक्यूवर झालं (__लिबपीक्यू_व्हर्जन__) आणि आत्ता कुठली लोड आहे (एक्स्टेन्शन्समधलं लिबपीक्यू_व्हर्जन). दोन्ही १४ ने सुरू झाले, लॉगिनही झालं. आता स्क्रिप्ट सुरू होतानाच दुसरा आकडा तपासते. तो १००००० च्या (म्हणजे आवृत्ती १० च्या) खाली दिसला तर डेटाबेसकडे न जाता तिथेच थांबते. यम (सेंटओएसचा पॅकेज मॅनेजर) अपडेटनंतर कुणी काय हलवलं, ते निदान लगेच कळतं.