तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या शाळेचा निकाल आता शंभर टक्के का लागत नाही?

लग्नात भेटलात, एसटी स्टँडवर भेटलात, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर भेटलात, प्रश्न एकच. मॅडम, पूर्वी दरवर्षी गेटवर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागायचा, आता काय झालं? शिक्षक बदलले का, मुलं बिघडली का, मोबाईलमुळे का? काहीजण जरा खालच्या आवाजात विचारतात, जणू घरातलं कुणी आजारी आहे. आणि वार्षिक अहवाल मी लिहिते हे ज्यांना माहितीये ते पुढे जाऊन म्हणतात की तुम्ही त्यात तो पटाचा तक्ता घालता त्याने शाळेचं नाव खराब होतं. दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटते. आज नीट लिहिते, कारण दोन वाक्यांत हे मावत नाही आणि अर्धवट सांगितलं की मी निकालाच्या विरोधात आहे असा अर्थ निघतो, जो खरा नाही. दहावीचे जादा तास सकाळी सातला मीही घेते.

आधी आकड्याचं बोलू. निकालाचा टक्का म्हणजे जितकी मुलं शाळेकडून नियमित म्हणून परीक्षेला बसली त्यातली किती पास झाली. बस. 50 बसली, एक नापास झालं, की 98. ते एक बसलंच नाही, तर 49 पैकी 49, म्हणजे शंभर. शिकवण्यात काडीचा फरक नाही, मुलं तीच, फळा तोच, आणि फ्लेक्सवरचा आकडा वेगळा. मंडळाच्या पत्रकात नियमित, खासगी आणि पुनर्परीक्षार्थी यांचे आकडे वेगवेगळे असतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून बसलेलं मूल खासगीत मोजतात, ते शाळेच्या निकालात येत नाही. त्यामुळे नववीत जे कच्चं दिसतं त्याच्या पालकांना बोलावून समजावायचं, अहो कशाला वर्ष वाया घालवता, दाखला घ्या, सतरा नंबर भरा, घरी अभ्यास होईल. अशी किती मुलं किती शाळांतून गेली असतील मला माहीत नाही पण शिक्षकांपैकी कुणी म्हणालं की मी हे ऐकलंच नाही, तर माझा विश्वास बसणार नाही.

आणि राज्याचा टक्का तरी काय सांगतो बघा. 2018 ला राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के. 2019 ला भाषांचे वगैरे अंतर्गत 20 गुण काढून टाकले तर 77.10. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं एवढी ढ झाली का? पुढच्या वर्षी ते गुण परत आले, भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे रद्द झाला, निकाल 95.30. 2021 ला परीक्षाच झाली नाही आणि निकाल 99.95. मी हे मुलांचं यश कमी करायला सांगत नाहीये, 2019 च्या बॅचने जे सोसलं ते मी बघितलंय, तुझ्यापेक्षा मोठ्या भावाला जास्त पडले हे त्या पोरांनी वर्षभर ऐकलं. मी एवढंच म्हणते की नियम हलला की आकडा हलतो, तर मग त्या आकड्यावर शाळेची अख्खी किंमत का ठरवायची?

आता तुम्ही म्हणाल की मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण आपली परंपरा होती. होती. आणि मी स्वतः ती परंपरा अहवालात अभिमानाने लिहिलीये, "यशाची उज्ज्वल परंपरा कायम राखत" हे वाक्य माझ्याच अक्षरात जुन्या फायलींमध्ये सापडेल. त्या वेळच्या मला तेव्हा हे सगळं दिसत नव्हतं असंही नाही. तेव्हा मला वाटायचं की फ्लेक्स लागला की पाचवीला प्रवेश वाढतात, पट टिकला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात, शिक्षक टिकतात, शिक्षक टिकले की उरलेल्या मुलांचं भलं होतं. हा हिशोब खोटा नाहीये. आजूबाजूला इंग्रजी माध्यमाच्या बसेस वाडीवस्तीवर यायला लागल्यात, मराठी शाळेने जाहिरात करायची तरी कशाची? आजही हा युक्तिवाद कुणी माझ्यासमोर केला तर त्याला पुरतं गप्प करता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवा, संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. म्हणजे तेच मूल पटासाठी हवं असतं आणि निकालासाठी नको असतं.

मग बदललं काय? एक मुलगी. नाव सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका, ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया खाली लिहू नका.

कोरोनानंतरची बॅच. आईबाप ऊसतोडीला जाणारे, दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा आणि घर रिकामं व्हायचं. ही थोरली, धाकटा भाऊ पाचवीत. आठवीपर्यंत ती अर्धं वर्ष शाळेत, अर्धं फडात. मराठी चांगलं, इतिहास तर पाठच, पण गणितात जे धडे नोव्हेंबर ते मार्च शिकवले जातात ते तिच्या आयुष्यातून दरवर्षी गळालेले. तुम्ही विचार करा, सहावीचे अपूर्णांक फडात, सातवीचं समीकरण फडात, आणि मग नववीत बीजगणित. हुशारीचा प्रश्नच नव्हता. नववीच्या निकालाच्या मीटिंगमध्ये तिचं नाव त्या यादीत आलं, तुम्हाला कळलं असेल कुठल्या यादीत. बापाला बोलावलं. मी वर्गशिक्षिका म्हणून शेजारी बसले होते. त्यांना सगळं समजावून झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, दाखला घरात आला की पाव्हणे यायला लागतेत. शाळा चालू हाय तवर म्हणता येतं पोरगी शिकतीय."

या एका वाक्यावर मी त्या दिवशी भांडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर. म्हटलं ही मुलगी नियमितच बसेल, दाखला देऊ नका, मी बघते. आणि ती बसली. त्या वर्षी ती आजीजवळ राहिली, फडात गेली नाही, आईला कोयत्याला जोडी होती म्हणून जमलं. माझ्या घरी ओट्याशेजारी बसून ती भागाकार शिकली, दहावीत, हातचा कसा घ्यायचा इथपासून. चूक झाली की खोडरबर वापरायची नाही, अख्खी ओळ सरळ पट्टीने खोडायची आणि खाली परत लिहायची, त्यामुळे तिची वही मला अजून डोळ्यासमोर दिसते, निम्म्या ओळी खोडलेल्या आणि त्याखाली बरोबर आलेलं उत्तर.

निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो हे तुम्हाला माहीतच आहे. बैठक क्रमांक टाकायचा आणि आईचं नाव. तिच्या आईचं नाव मी टाईप केलं. ती बाई तेव्हा लोकाच्या शेतात खुरपायला गेलेली. गणित आणि इंग्रजी, दोन विषय राहिले. गणितात थोडक्यात गेली. शाळेत बाकी सगळे पास. म्हणजे ती एकटी.

दोन विषय राहिले तरी एटीकेटीत अकरावीला प्रवेश मिळतो, हे सांगायला मी तिच्या घरी गेले. जुलैची पुरवणी परीक्षा तिने दिली. तिचा निकाल यायचा होता आणि अकरावीच्या प्रवेशाचं काम अडलं होतं, म्हणून मीच तिला म्हटलं की 15 ऑगस्टला शाळेत ये, सगळी कागदपत्रं घेऊन ये, तिथेच फॉर्मचं बघू. तिचा भाऊही कवायतीत होता. ती आली. आमच्या एका बाईंनी तिला बघून नववीच्या मुलींची रांग सांभाळायला उभं केलं, तिला अशी कामं चांगली जमायची.

झेंडावंदन झालं, कवायत झाली, मग दहावीच्या पहिल्या तिघांचा सत्कार. पहिली आलेली मुलगी याच मुलीची बाकावरची मैत्रीण. नंतर व्यासपीठावरून एका मान्यवरांचं भाषण, आणि त्यात ते म्हणाले की इतक्या वर्षांची आपली शंभर टक्क्यांची परंपरा यंदा एका विद्यार्थिनीमुळे खंडित झाली, पुढच्या वर्षी असं होता कामा नये, शिक्षकांनी दक्षता घ्यावी. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, एवढ्याशा गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नववीच्या मुलींची अख्खी रांग वळून तिच्याकडे बघायला लागली, आणि ती त्याच रांगेच्या शेजारी उभी, पुढे बघा पुढे बघा असं त्यांना हाताने सांगत.

मी व्यासपीठाच्या खाली होते, बक्षिसांच्या टेबलापाशी. उठून काही बोलावं असं झालं, पण समोर पाचवीपासूनची मुलं बसलेली, गावातली माणसं बसलेली, आणि मी जे बोलले असते त्याने सगळे पुन्हा तिच्याकडेच बघितले असते. मी अजूनही म्हणते की तेव्हा न बोलणं बरोबर होतं. काही सहकाऱ्यांना ते पटत नाही, ठीक आहे.

खाऊ वाटप सुरू झाल्यावर ती माझ्याजवळ आली. रडत नव्हती. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. म्हणाली, "मॅडम, दाखला आज मिळल का?"

अकरावीलाही दाखला लागतोच, त्यामुळे वरवर बघता विचारण्यात काही वावगं नव्हतं. पण ती अकरावीसाठी मागत नव्हती, तिलाही ते माहीत होतं आणि मलाही. पुरवणीत इंग्रजी निघालं, गणित राहिलं. अकरावीला ती गेली नाही. दिवाळीनंतर ट्रॅक्टरमध्ये बसली. त्यापुढचं मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

आमच्या शिक्षक खोलीत यावर दोन तट आहेत. एक सहकारी, मनाने अतिशय चांगले, मला म्हणाले की मॅडम, सतरा नंबरने बसली असती तर नापास झाली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं, भर मैदानात हे ऐकावं लागलं नसतं. यावर मी खूप विचार केलाय. एका बाजूने खरं आहे. दुसऱ्या बाजूने, दाखला घेऊन गेलेली मुलगी ओट्याशेजारी बसून भागाकार शिकली असती का? ते एक वर्ष तिचं होतं. ते वर्ष द्यायला नको होतं असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पण त्या वर्षाची जी किंमत तिने एकटीने मोजली ती योग्य होती असंही मी म्हणू शकत नाही, आणि या दोन्हीचा मेळ मला घालता येत नाही.

त्यानंतर मी अहवालात तक्ता घालायला लागले. आठवीत पट किती होता, नववीत किती, दहावीला नियमित किती बसले, मध्ये किती दाखले गेले आणि कशासाठी गेले. नापासांची संख्या वेगळी देत नाही. कुणाचं नाव नाही, जात नाही, गाव नाही. आणि त्यानंतर बाकी सगळं जसं पूर्वी असायचं तसंच: एनएमएमएस या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेत कोण लागलं, चित्रकलेच्या एलिमेंटरी इंटरमिजिएटला कुणाला अ श्रेणी, तालुक्याला खो-खोत कुठवर पोचलो, विज्ञान प्रदर्शनात काय नेलं. यात मी काही कमी करत नाही हो. एनएमएमएसचं तर मी दोन परिच्छेद लिहिते, कारण आठवीतलं एक मूल त्यात निवडलं गेलं की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये त्याच्या खात्यात येतात, पण त्यासाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायचा, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळवायचं, बँकेत खातं उघडायचं, आणि हे ज्या लिपिकाने आणि ज्या पालकाने चार चकरा मारून केलं त्यांचंही ते यश आहे. तुम्ही टाळ्या निकालाला वाजवता, मला वाटतं याला त्याहून जास्त वाजल्या पाहिजेत.

पहिल्यांदा तक्ता वाचला तेव्हा टाळ्या आल्या नाहीत, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. एक पालक नंतर भेटून म्हणाले की आमच्या पोराचा दाखला गेला तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं की नियमित बसायचा हक्क होता. दुसऱ्या एकांनी मुलाला दुसऱ्या शाळेत घातलं, कारण तिथे फ्लेक्स होता. दोन्ही खरं.

तर निकाल शंभर टक्के का लागत नाही, याचं उत्तर: काही वर्षी लागतोही, काही वर्षी लागत नाही, कारण नववीतून जितकी मुलं पुढे येतात तितकी आता बहुतेक वेळा बसतात. "बहुतेक वेळा" मुद्दाम लिहिलंय. यंदाही मीटिंगमध्ये यादी निघाली. नावं तीच नाहीत, घरं तशीच आहेत. एकाच्या आईने स्वतःहून दाखला मागितलाय, तिला कुणीतरी बाहेरूनच सांगितलंय की सतरा नंबर सोपा असतो. तिला मी उद्या भेटणार आहे. तक्ता काढून टाका असा निरोपही वरून आलाय, त्यावर मुख्याध्यापकांनी अजून सही केलेली नाही.