पायांकडेही पाहावे

आमच्या सांगलीत मधुमेह झाला की माणसे बिनसाखरेचा चहा घेतात, पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत फिरूनही येतात. पायांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होऊ लागतात आणि उसाच्या रानात अनवाणी फिरताना रुतलेला काटा कळतही नाही. माझे थोरले बंधू रोज रात्री पाण्याची ऊब कोपराने अजमावून पाय धुतात, बोटांच्या बेचक्या पंचाने टिपून कोरड्या करतात आणि तळवा दिसावा म्हणून दाढीचा आरसा जमिनीवर ठेवतात. (वहिनी हसतात, ते सोडा.) जखम दिसल्यावर हळद दाबून वाट पाहणे येथे घातक ठरते, मग ती हळद सांगलीच्या पेठेतली का असेना, डॉक्टरांना लगेच दाखवावे. वर्षातून एकदा १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूने, तळव्याची संवेदनाही तपासून घ्यावी. त्याला काही मिनिटेच लागतात.