आठवण ठेवण्याचे काम

नोकरीत सांगितले तेवढेच काम करणाऱ्या माणसाला कोणी जबाबदार म्हणत नाही. घरात मात्र सांगितले तेवढे करणाऱ्या बापाचेही कौतुक होते, आणि अलीकडे ते कौतुक मला खटकू लागले आहे. मुलीला लस द्यायला मी घेऊन गेलो की लोक मला वाखाणतात. पण लसीची तारीख कोणी लक्षात ठेवली, डॉक्टरांची वेळ कोणी घेतली आणि रात्री ताप आला तर द्यायचे औषध घरात आहे का, हे कोणी पाहून ठेवले, याची विचारपूस होत नाही.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग केले आहेत: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरलेले पार पडते का यावर लक्ष ठेवणे. निर्णय बहुधा दोघे मिळून घेतात, परंतु पहिल्या आणि शेवटच्या भागाचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडतो, असे त्यांना आढळले. मला यातला पहिला भाग सर्वांत जड वाटतो, कारण त्याला ठरावीक वेळ नसते. तो बैठकीत, प्रवासात, अगदी झोपेतही मनात चालू राहतो.

म्हणून आम्ही कामे वाटून घेण्याऐवजी विषय वाटून घेतले. मुलांच्या आरोग्याचा विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याकडे आला, आणि पत्नीने त्याची आठवण करून द्यायची नाही, असे ठरले. तिच्या दृष्टीने यातला अवघड भाग बहुधा हाच असावा. माझ्या दृष्टीने मोठा बदल नोकरीत झाला. दंतवैद्याची वेळ मी कार्यालयाच्या कॅलेंडरमध्ये कारणासह नोंदवू लागलो आणि त्या वेळेत बैठक आली तर ती पुढे ढकला, असे स्पष्ट सांगू लागलो. पुरुषाने असे उघडपणे सांगणे आवश्यक आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण वरिष्ठ बाप गप्प राहिले तर नुकताच बाप झालेला कनिष्ठ सहकारी रजा मागायलाही कचरतो.

केवळ मुभा देऊन हे बदलत नाही, असे धोरणांचा इतिहासही सांगतो. स्वीडनने १९७४ मध्ये बालसंगोपनाची रजा आईवडील दोघांसाठी खुली केली, तरी पुढील अनेक वर्षे ती बहुतांशी आयाच घेत राहिल्या. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे खास वडिलांसाठी राखून ठेवले आणि ते आईला सहजासहजी घेता येणार नाहीत अशी व्यवस्था केली, तेव्हा रजा घेणाऱ्या वडिलांचे प्रमाण झपाट्याने वाढले. दुसऱ्याकडे वळवता येणारी जबाबदारी सवयीच्या वाटेने जुन्याच ठिकाणी परत जाते. आमच्या घरातही पत्नीने आठवण करून देणे थांबवले, तेव्हाच आरोग्याचा विषय खऱ्या अर्थाने माझा झाला.

शाळेचा विषय अजून तिच्याकडेच आहे, आणि तो आरोग्यापेक्षा कितीतरी मोठा आहे: सूचना, प्रकल्प, पालकसभा, मैत्रिणींशी झालेली भांडणे. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून तो माझ्याकडे येणार आहे, म्हणून सध्या शाळेचे सर्व संदेश आम्ही दोघेही वाचतो आणि उत्तरे मी लिहितो.