टाकीच्या उत्तरेला

नागवेलीची पानं कडेनं करपायला लागली तेव्हा मी आधी माळीकाकांना धरलं. ते म्हणाले, पाणी जास्त होतंय. कमी केलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पाणी कमी पडतंय. वाढवलं. पातळ ताकसुद्धा घालून पाहिलं. पानं मात्र पांढरट पडत गेली आणि हात लावला की पापडासारखी मोडायला लागली.

कुंडी गच्चीवर पाण्याच्या टाकीला चिकटून, उत्तरेच्या बाजूला होती. जागा मी विचार करून निवडली होती. वेल आणला नोव्हेंबरात. तेव्हा तिथे दिवसभर सावली, फरशी भर दुपारी गार. उत्तर म्हणजे सावलीची बाजू, हे डोक्यात इतकं पक्कं की परत बघायला कोण जातंय?

मग मे महिन्यात कुरडया घातल्या. आमच्याकडे अजून घरी होतात, सासूबाईंच्या आग्रहाखातर. तीन दिवस गहू भिजवायचे, चीक काढायचा, आणि सूर्य कासराभर वर यायच्या आत शिजवून सोऱ्यानं घालून मोकळं व्हायचं. नंतरचं काम म्हणजे कबुतरं हाकलत बसणं. साडेबाराच्या सुमाराला जरा सावलीत टेकावं म्हणून टाकीकडे गेले, तर टाकीला सावलीच नाही. उत्तरेला नाही, दक्षिणेला नाही, कुठेच नाही. नागवेल बिचारी डोक्यावर ऊन घेऊन उभी.

त्या दिवशी पुण्याचा शून्य सावलीचा दिवस होता, हे मला संध्याकाळी कळलं. १३-१४ मेच्या सुमाराला सूर्य पुण्याच्या बरोब्बर डोक्यावरून जातो. महाराष्ट्रात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडीकडून सुरू होतो आणि वर सरकत सरकत महिना संपत आला की नागपूरला पोचतो. दिल्लीकरांच्या नशिबात तो नाहीच, सूर्य कर्कवृत्तापर्यंत जाऊन माघारी फिरतो.

दुसऱ्या दिवशी नातीचा खडू घेतला आणि कपड्यांच्या दांडीचा खांब धरला. खांब सहा फुटांचा आणि गच्चीवर एक फुटी फरशी, त्यामुळे टेप लागला नाही. सकाळी सात-पाचला सावली चोवीस फरशा लांब, पार कठड्याजवळ. आठला बाराच. म्हणजे तासाभरात एक अख्खी खोली मावेल एवढी आखडली! नऊ वीसला सहा, खांबाएवढी. तिथून पुढे मात्र तिचा सगळा जोर ओसरला. साडेअकराला दीड फरशी उरली होती आणि ती दीड संपायला पुन्हा एक तास लागला. दुपारी तीच उजळणी उलटी, पूर्वेच्या अंगाला. तीन चाळीसला सहा, पाचला बारा.

खरं तर सूर्य काही सकाळी घाईत आणि दुपारी निवांत नसतो. तो खाली असताना किरण जमिनीला जवळजवळ घासून येतात, त्यामुळे बोटभर वर चढला तरी सावली कितीतरी फुटांनी मागे येते. वर गेल्यावर तेवढ्याच चढण्याला सावली जेमतेम हलते.

सावली गडप झाली ती बाराला नव्हे, बारा एकतीसला. मला आधी वाटलं घड्याळ पुढे आहे. पण आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर, आणि पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. एका अंशाला चार मिनिटं. सूर्य आपल्याकडे तेवढा उशिरा पोचतो, त्यातली मे महिन्यात तीन-चार मिनिटं तो भरून काढतो. पत्रिकावाल्यांना हे पाठ असतं, मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

पण माझा खरा गुन्हेगार दुपारचा सूर्य नव्हताच. खडूच्या खुणा नीट पाहिल्या तर सकाळच्या सावल्या सरळ पश्चिमेला न जाता जरा दक्षिणेकडे झुकलेल्या, संध्याकाळच्याही तशाच. म्हणजे सूर्य उगवतो उत्तरेकडे सरकून आणि मावळतोही तसाच. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात तो दिवसभर आकाशाच्या उत्तरेच्या अर्ध्यातच फिरतो. त्या अडीच महिन्यांत टाकीच्या दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही आणि उत्तरेची, माझी गार, विचार करून निवडलेली बाजू सकाळ-संध्याकाळ भाजून निघते. २१ जूनला तर भर माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, सहा फुटी खांबाची जेमतेम अर्धा फूट. डिसेंबरात तीच उत्तरेला साडेपाच फूट असते.

(बिल्डर ‘उत्तरेची बाल्कनी, ऊन नाही’ म्हणून सांगतात ना, त्यांना मे महिन्यात सकाळी आठला तिथे खुर्ची टाकून बसवायला हवं. पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा हाही तसलाच प्रकार. चारचं ऊन त्याच्या खालून आत शिरतं.)

कुंडी दक्षिणेला हलवली. हलवली म्हणजे ह्यांनी हलवली, कंबर धरून. जूनअखेर नवी पानं आली, चांगली तळहाताएवढी.

शून्य सावली वर्षातून दोनदा येते. दुसरी ३० जुलैच्या आसपास, २१ जूनपासून पहिलीइतक्याच अंतरावर. पण तेव्हा पुण्यात सूर्य दिसेल तर शपथ. पाट्यावरचा वरवंटा उभा करून मी अर्धा तास वाट पाहिली आणि भिजून खाली आले.

खाली सासूबाईंना हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांचं माहेर कोल्हापूरचं. म्हणाल्या, “अगं, आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव नाही का दोनदा होत? नोव्हेंबरात नऊ, दहा, अकरा, आणि मग ३१ जानेवारी, एक, दोन फेब्रुवारी. पहिल्या दिवशी पायांवर ऊन, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी सगळ्या मूर्तीवर.” मी कॅलेंडर काढून दिवस मोजले. २१ डिसेंबरच्या अलीकडे एक्केचाळीस-बेचाळीस, पलीकडेही तेवढेच. सूर्य जाताना ज्या जागेवरून गेला तिथूनच परत येताना जाणार.

“आई, मग वेल करपत होता तेव्हा का नाही बोललात?”

“मला कुठे गच्चीवर नेलंस? गुडघे आहेत का माझे?” त्यांची खोली दक्षिणेची. थंडीत खिडकीतून ऊन त्यांच्या पलंगाच्या पायापर्यंत येतं, मग रोज थोडं थोडं मागे सरतं आणि उन्हाळ्यात चौकटीवरूनही उतरून जातं. “माझ्या पायावरचं ऊन गेलं की मी समजते, कुरडयांचे गहू भिजत घालायचे. ते परत कधी येणार तेवढं सांग.”

मी खडूचा कागद उघडायला घेतला.

“राहू दे,” म्हणाल्या, “दिवाळी झाली की येतं.”