डावा कोपरा

मे महिन्यात नागपूरच्या दुपारी माणसाला दोनच कामं जमतात. कूलरच्या टाकीत पाणी ओतायचं आणि त्याच्यापुढे आडवं व्हायचं. पारा ४५ च्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, ताट्यांचा ओला वास घरभर. अशाच एका दुपारी, मनीषनगरातून राहायला आलेल्या भाचीचं पुस्तक दिवाणावर सापडलं. मुखपृष्ठावर कार्टूनसारखी काढलेली मुलगा-मुलगी, त्याच्या हातात काठी, पायात चाकाऐवजी पातं असलेले बूट.

"आइस हॉकी रोमान्स आहे, आत्या. तू नको वाचू."

नको म्हटल्यावर कोण थांबतं? असल्या कादंबऱ्या ज्याच्यावर गाजल्या ते टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं, पण त्या रीलमधून आमच्या घरात शिरल्याच.

आता बर्फ म्हणजे मला गोळ्याच्या गाडीवरचा माहीत, नाहीतर पंगतीतल्या मठ्ठ्यात तरंगणारा. त्यावर कुणी साठ मिनिटं धावतं, वीस-वीसच्या तीन डावांत, हे वाचूनच गार वाटलं. रबराची चकती उसळू नये म्हणून खेळाआधी गोठवून ठेवतात. आणि कुणी आडदांडपणा केला तर त्याला दोन मिनिटं बाजूच्या पेटीत नेऊन बसवतात. हातमोजे फेकून मारामारी केली तर पाच. ही पेटी मला फार आवडली. आपल्याकडे लग्नकार्यात एक ठेवायला हवी.

गोष्ट काय, तर तो संघाचा कप्तान, उंच, घुमा, गुडघा दुखावलेला. ती फिजिओथेरपी शिकणारी. आधी भांडण, मग काही कारणानं प्रेमात असल्याचं नाटक, मग नाटकातच पाय अडकणार. एक प्रकरण तो सांगतो, एक ती. शेवट गोड होणार हे तर ठरलेलंच. रोमान्सची ती अटच असते. मग वाचायचं कशाला, असं आमचे हे विचारतात. हेच गृहस्थ २०२५ ची रणजी फायनल मोबाइलवर अजून बघतात. विदर्भानं इथल्याच जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक घेतला, आणि दानिश मालेवारचे १५३ दर वेळी १५३ च होतात. तरी करुण नायर ८६ वर धावबाद होतो तिथे यांचा चहा थांबतो.

लोकांना वाटतं, बायका हे सगळं त्या नायकाच्या पोटावरच्या सहा वड्यांसाठी वाचतात. वड्या आहेत, नाही कशाला म्हणू. पण एरवीच्या प्रेमकथेत नायक 'कंपनीत मोठ्या हुद्द्यावर' असतो आणि तिथे नेमकं काय करतो ते कधी कळत नाही. इथे तो भरल्या स्टेडियमसमोर हरतो. लपायला जागा नाही. आणि ती बघत असते. चुंबनाची पानं मी उलटली (बरं, दोनदा वाचली), पण अडकले ती दुसरीकडेच. ती त्याच्या गुडघ्यावर बर्फ धरते आणि विचारते, हे कसं झालं? आणि तो सांगतो. चांगली चार पानं सांगतो! पुरुष स्वतःच्या दुखण्याबद्दल सलग चार पानं बोलतोय, या स्वप्नरंजनापुढे वड्यांचं काय घेऊन बसलात.

आमच्याही घरात एक गुडघा आहे. डावा. जिना चढताना कडकडतो. बावीस वर्षं मी त्याला एकच गोष्ट सांगत आले, तेल लावा. हे लग्नाआधी नागपूरच्या महाल भागात कबड्डी खेळायचे, एवढं ठाऊक होतं. त्यातला एक कप शोकेसमध्ये आहे, मी त्यात सेफ्टी पिना ठेवते. पत्रिका बघितल्या होत्या, गुडघा कुणी विचारला नव्हता.

संध्याकाळी विचारलं, "तुमचा गुडघा नेमका कसा गेला हो?"

"काहून? काय झालं?"

"सांगा ना."

"पडलो होतो."

चार पानांच्या जागी दोन शब्द. मी पोळ्या लाटायला गेले.

जेवणं झाल्यावर मात्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "मी डाव्या कोपऱ्यावर असायचो," म्हणाले. मी नळ बंद केला. मग पावसानं निसरडं झालेलं मैदान आलं, समोरचा गडी आला, आमचे तिघंच उरले होते ते आलं. यांनी टीपॉय सरकवला, सतरंजीची कड म्हणजे मधली रेषा ठरली. "तू चढाईला ये."

"मी?"

"ये तर. दम धरून."

गाऊनवर, हाताला साबणाचा फेस, मी कबड्डी कबड्डी म्हणत सतरंजी ओलांडली. यांनी खाली वाकून माझा घोटा पकडला, पकड खरंच जबरदस्त होती, आणि तसेच राहिले. उठताच येईना. भाची आतून धावत आली.

"काय करून राहिले तुम्ही दोघं?"

दोघींनी धरून सोफ्यावर बसवलं. बर्फाचा ट्रे कुणीतरी रिकामाच परत ठेवलेला, म्हणून फ्रीझरमधली आमरसाची पिशवी गुडघ्यावर धरली.

"मग त्या दिवशी तो गडी सुटला का?" मी विचारलं.

"सुटतो कसा! वरून आपलेच दोघं पडले, तरी घोटा सोडला नाही मी."

आणि मग ते दोघं कोण, त्यातला जाडा कोण, कप घरी कुणी न्यायचा यावरून काय भांडण झालं, सगळं सांगत बसले. रस पार वितळला.