तुम्ही विचारलंत म्हणून : लक्ष्मीकांत वाया गेला का?

लक्ष्मीकांत बेर्डेबद्दलचा प्रश्न नेहमी एकाच सुरात येतो. ‘केवढा नट होता, पण लक्ष्या-लक्ष्या करून वाया घालवला, नाही?’ शेवटचं ‘नाही?’ म्हणजे विचारणं नव्हेच, मान डोलवायची सूचना. ती मी पुष्कळदा डोलवली आहे. आता एकदा सविस्तर सांगतो.

आधी ‘लक्ष्या’ तयार कसा झाला ते पाहा. तो एका भूमिकेतून झाला नाही, नावातून झाला. दिग्दर्शक-नट महेश कोठारे यांच्या चित्रपटांत गोष्ट कुठलीही असो, कोठारे स्वतः महेश आणि लक्ष्मीकांत लक्ष्या. ‘थरथराट’मध्ये लक्ष्या टांगमारे, ‘झपाटलेला’मध्ये लक्ष्या बोळके. आडनाव बदलायचं, माणूस तोच. यात धंद्याचा हिशेब पक्का होता. हा कोण, स्वभावाने कसा, कशाला घाबरतो, हे प्रेक्षकाला समजावण्यात दहा-अकरा मिनिटं जातात, म्हणजे हजार फुटांचं एक अख्खं रीळ. लक्ष्या म्हटलं की ते रीळ वाचलं. अशोक सराफ यांच्याकडे बघा. त्यांचं ‘मामा’ पडद्याबाहेर राहिलं. पडद्यावर ते कधी यदुनाथ जवळकर, कधी धनंजय माने. म्हणून ‘कळत नकळत’ किंवा ‘भस्म’ अशा गंभीर चित्रपटांत ते दिसले तेव्हा प्रेक्षकाला आधी कुणाला तरी विसरावं लागलं नाही. लक्ष्मीकांतचं टोपणनावच पडद्यावर गेलं, आणि ते परत आलं नाही.

बघा, मीही इथे ‘अशोक सराफ यांच्याकडे’ असं लिहितोय आणि लक्ष्मीकांतला सरळ अरे-तुरे. प्रतिमा म्हणजे दुसरं काय असतं?

यात सरकारचाही हात होता. तिकिटांवरचा करमणूक कर तेव्हा निर्मात्याला परत मिळायचा, पण पुढचा मराठी चित्रपट काढला तर. जितकी तिकिटं जास्त, तितका परतावा जास्त. मग पुढचा चित्रपट कुठल्या जातीचा निघणार? निर्मात्यांना शिव्या देणाऱ्यांनी हा कागद एकदा डोळ्यांखालून घालावा.

नाव आणि पैसा हे वरवरचं झालं. खरी प्रतिमा घडते ती संकलनाच्या टेबलावर. विनोदी चित्रपट जोडताना हशाला जागा सोडावी लागते. भरलेल्या थिएटरात लोक हसले की पुढचं वाक्य बुडतं. म्हणून विनोदानंतर एक मूक शॉट टाकतात, ऐकणाऱ्याचा चेहरा. साधारण दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम, पस्तीस एमएमच्या फिल्मवर तीन फूट. कमी ठेवला तर पुढचा विनोद वाया, जास्त ठेवला तर टीव्हीवर किंवा रिकाम्या थिएटरात तीच जागा पडलेल्या दातासारखी दिसते. आता हा चेहरा कुणाचा ठेवायचा? लक्ष्मीकांतचा. कारण तो त्या दोन सेकंदांत काहीतरी करतो. ‘अशी ही बनवाबनवी’तलं डोहाळजेवणाचं गाणं आठवा. बाईच्या सोंगात सुधा झालेला सचिन बाई दिसायचा कसून प्रयत्न करतो; पार्वती झालेला लक्ष्मीकांत करतच नाही. साडी बाईची, पोट उशीचं, आणि आत अडकलेला खरा परश्या डोळ्यांतून सुटकेची वाट शोधतोय. बायका कौतुकाने गातात आणि आपण बघतो फक्त त्याचे डोळे.

वर्षानुवर्षं हे चाललं. कॅमेरा त्या चेहऱ्यावर थांबला की हसायचं, हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलं. आणि मग १९९२ साली ‘एक होता विदूषक’ आला.

इथे जरा थांबतो, कारण तुमचा प्रश्न इथूनच निघतो. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, पु. ल. देशपांडे यांचं लेखन, ना. धों. महानोरांची गीतं, आनंद मोडक यांचं संगीत, पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा. तमाशात जन्मलेला सोंगाड्या अबुराव, म्हणजे लक्ष्मीकांत, बतावणीतून (तमाशातल्या विनोदी संवादांतून) वर येतो, सिनेमाचा तारा होतो, पुढाऱ्यांच्या हाती लागतो. जगाला हसवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलीला हसवता येत नाही. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. थिएटरात तो चालला नाही.

‘लोकांना गंभीर लक्ष्या पचला नाही’ हे याचं ठरलेलं स्पष्टीकरण. मीही तेच सांगायचो, आणि वर प्रेक्षकाच्या अभिरुचीवर दोन वाक्यं झाडायचो. आज ते मला आळशी वाटतं. चित्रपट पुन्हा लावा आणि चेहऱ्यावरचे शॉट नीट बघा. बतावणी रंगते तेव्हा हा लक्ष्याच आहे: तीच लकब, तोच हजरजबाबीपणा. लोक हसतात, आणि हसावं म्हणूनच ते आहे. पुढे कॅमेरा त्याच चेहऱ्यावर थांबतो, पण आता ती जागा हशाची नाही. लक्ष्मीकांत तिथे काहीच करत नाही. चेहरा मोकळा ठेवतो. नटाच्या दृष्टीने याहून अवघड काम नाही. पण सवय लागलेला प्रेक्षक ते दोन सेकंद रिकामे कसे ठेवील? तो एक तर चुकून हसतो, नाही तर विनोद निसटला असं समजून अस्वस्थ होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्याला फसवल्यासारखं वाटतं. यात अभिरुची वगैरे काही नाही. सात-आठ वर्षं एक खूण शिकवली आणि ऐन वेळी तिचा अर्थ बदलला.

बरं, मग पुलंनी आणि पटेलांनी दुसरा नट घ्यायचा होता का? त्यानेही भागलं नसतं. ज्याला बघून महाराष्ट्र खरोखर हसतो असा चेहरा असल्याशिवाय अबुरावाची गोष्टच उभी राहत नाही. म्हणजे ज्या लक्ष्यामुळे चित्रपटाला अर्थ आला, त्यानेच तो बुडवला? असं लिहिलं की छान वाटतं, पण मला ते पूर्ण पटत नाही. एनएफडीसीच्या चित्रपटांचं वितरण मुळातच अशक्त असायचं. नेमकं कशाने किती नुकसान झालं याची वाटणी करता येत नाही.

लगेच पुढच्या वर्षी ‘झपाटलेला’, आणि तो तुफान चालला. ‘बघा, परत त्याच डबक्यात!’ असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की त्यातली लक्ष्मीकांतची भीती बघा. समोर रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला. त्यात शिरलेल्या तात्या विंचू या गुंडाच्या आत्म्याला आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. म्हणजे डोळ्यांत डोळे घालून साथ देणारा सहनट नाही. बाहुल्याच्या वाक्याएवढी जागा मोजून सोडायची, नजर निर्जीव डोळ्यांवर रोखायची, आणि वाक्य ऐकल्यासारखं दचकायचं. जरा लवकर दचकलं तर बाहुला खेळणं होतो, उशीर झाला तर नट मठ्ठ दिसतो. तात्या विंचूची दहशत अर्धीअधिक लक्ष्याच्या चेहऱ्यावर उभी आहे. बाहुला जिवंत आहे हे तो जीव तोडून सांगतो आणि कुणी ऐकत नाही, कारण सांगणारा लक्ष्या! हसू येतं, आणि आपणही न ऐकणाऱ्यांतलेच आहोत हे लक्षातच येत नाही.

तर वाया गेला का? हिंदीत त्याला नोकरांची कामं मिळाली, ‘मैंने प्यार किया’मध्ये मनोहर, ‘हम आपके हैं कौन’मध्ये लल्लू. त्याबद्दल चिडा, मी तुमच्याबरोबर आहे. पण मराठी विनोदी चित्रपटांनी त्याला नासवलं हे आता माझ्याने म्हणवत नाही. नासवलं नाही असंही छातीठोकपणे म्हणवत नाही, कारण ‘विदूषक’सारखी दुसरी भूमिका त्याला मिळालेली मला दाखवता येत नाही. २००४च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा पन्नाशीचा होता. साठीतला लक्ष्मीकांत चेहरा मोकळा ठेवून तीन फूट फिल्मभर नुसता बसला असता, तर तोवर आपण हसायचे थांबलो असतो का, हे काही मला सांगता येत नाही.