बराकीतल्या शाळेचं गॅदरिंग

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या गांधीनगरात गॅदरिंगचे वारे सुरू व्हायचे आणि मग अभ्यास बिभ्यास सगळा नावापुरता. कोल्हापूरजवळचं गांधीनगर आज सगळ्यांना होलसेल कापड मार्केट म्हणून माहितीय, पण आमच्या घरातली म्हातारी माणसं शेवटपर्यंत कॅम्पच म्हणायची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना इथं वळिवड्याच्या बराकीत जागा दिलेली, बाबा तेव्हा सात-आठ वर्षांचे, कराचीहून बोटीनं मुंबईला आणि तिथून ट्रेननं इकडं.

बाबा सांगायचे की पोरं नुसती भटकत असायची, कुणाचे वडील तिकडंच राहिलेले, कुणाची आई वाटेत गेलेली, काही तर कुणाच्या तरी शेजाऱ्यांबरोबर आलेली. मग मोठ्या माणसांनीच ठरवलं आणि राहायला जागा अपुरी असताना एक बराक शाळेसाठी मोकळी ठेवली, घरटी वर्गणी काढली, ज्यांना लिहितावाचता येतं त्या बायका शिकवायला बसल्या. गोणपाटावर वर्ग, पाटी दोघात एक. बाबा पहिलं अक्षर तिथंच शिकले.

मी शाळेत गेले ती सत्तरच्या दशकात, तोपर्यंत बाकं आली होती पण शाळा चालायची तशीच, म्हणजे पंचायतीच्या आणि दुकानदारांच्या जिवावर. त्यामुळं गॅदरिंग हे सगळ्या गावाचंच असायचं. कपड्यांची तर काय चैन सांगू तुम्हाला, दुसऱ्या शाळांतल्या पोरी आईच्या साड्या नेसून नाचायच्या आणि आमच्याकडं दुकानांतून तागेच्या तागे यायचे, शिवणारे काका रात्र रात्र मशीन चालवायचे. पाहुण्यांना आधी पापड आणि पाणी, हा आमचा रिवाज. सुरुवात आमच्या सिंध्यांच्या देवाच्या, 'आयोलाल झूलेलाल'च्या गजरानं, मग छेज, म्हणजे आमचा टिपऱ्यांचा नाच, आणि छेज सुरू झाला की मागं बसलेले आजोबा लोक उठून टिपऱ्या मागायचेच. त्याच्या पाठोपाठ लेझीम. वळिवड्याचे एक मराठी सर पोरांकडून महिनाभर लेझीम बसवून घ्यायचे आणि आमची सिंधी पोरं असली झकास खेळायची की बाहेरच्या कुणाला खरं वाटायचं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते बक्षीस समारंभाच्या आधीचं दादींचं बोलणं. दादी म्हणजे आमच्या मोठ्या बाई. दरवर्षी तीच गोष्ट, तरी कुणी उठायचं नाही. त्या सांगायच्या की पोरांनो, या बराकी आपल्यासाठी बांधलेल्या नव्हत्या, आपल्या आधी इथं पोलंडची पाच हजार माणसं राहून गेली, १९४३ पासून १९४८ पर्यंत, त्यात बायका आणि मुलंच जास्त. महायुद्धात रशियानं त्यांना घरातून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं, कितीतरी मुलं तिथंच अनाथ झाली, मग सुटका झाल्यावर इराण, इराणहून कराची, आणि कराचीहून आपल्या या वळिवड्याला. इथं दादी थांबायच्या. कराची म्हटलं की सगळ्या मांडवात एकदम शांत व्हायचं, कारण तीच वाट आमच्या घराघरांतली होती.

आणि त्या लोकांनी इथं केलं काय, तर शाळा काढल्या. बालवाडीपासून पार हायस्कूलपर्यंत, शिक्षक कॅम्पमधलेच, पुस्तकांची टंचाई म्हणून वह्यांत उतरवून घ्यायचं, शिवाय स्काऊट, नाटकं, नाच, सगळं आपल्या भाषेत, कारण परत गेल्यावर पोरांना ती यायला हवी. त्यातल्या बहुतेकांना परत जाताच आलं नाही, त्यांची गावंच युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली, मग कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला. दादी हे सांगताना आवाज चढवायच्या नाहीत. मला आजही वाटतं की आम्हाला जी हिंमत मिळाली ती त्या बोलण्यातून, आपल्यासारखी माणसं याच छपराखाली आधी होती आणि त्यांनीही आधी पोरांनाच शिकवलं, हे दहा वर्षांच्या पोराला कळणं फार मोठी गोष्ट आहे.

कोल्हापूरच्या महावीर गार्डनमधला पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ बघायला मी माझ्या मुलांना मुद्दाम घेऊन गेले होते. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर कॅम्पच्या स्मारकाला गेले तेव्हा आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर दादींशिवाय दुसरा विषय नव्हता.

हल्ली गॅदरिंगला साउंड मोठा आणि गाणी सगळी पिक्चरची, पोरं छान नाचतात, तक्रार नाही, पण ती गोष्ट कुणी सांगत नाही हे मला खुपतं. म्हणून यंदा शाळेत जाऊन बाईंना भेटले. दहा मिनिटं द्यायला तयार झाल्या. आठवीतली एक मुलगी दादींचं बोलणं पाठ करून म्हणणार आहे, आणि मला आठवेल तेवढं मी तिला रोज रात्री फोनवर सांगतेय, तिचे प्रश्न मात्र संपत नाहीत, काल विचारत होती की त्या पोलिश मुलांचं गॅदरिंग कसं व्हायचं.